वीज घालवून आणली की चालतं, वॉचडॉगनंतर मात्र बोर्ड उठत नाही: मेमरी कंट्रोलर ड्रायव्हरमधला रीसेटचा घोळ

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये आमचा एक लिनक्सवर चालणारा बोर्ड बसवलेला आहे. प्रीकूलिंगच्या खोल्यांचं तापमान नोंदवणं आणि पट्ट्यावरून जाणाऱ्या पेट्यांची लेबलं कॅमेऱ्याने वाचणं, एवढंच त्याचं काम. आठ-दहा दिवसांतून एकदा तो अडकायचा. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट देणारा टायमर) त्याला रीसेट करायचा, बूटलोडर (लिनक्सच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) नीट चालायचा, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पहिल्या काही ओळी सिरियल पोर्टवर उमटायच्या आणि तिथेच सगळं ठप्प. कधी कधी याच्या उलट: कर्नल पूर्ण वर यायचा, ॲप्लिकेशन सुरू व्हायचं, आणि दोन-चार मिनिटांत भलत्याच ठिकाणी पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकायचा. दर वेळी पॅनिकची जागा वेगळी. कधी फाइल सिस्टीम, कधी नेटवर्क, एकदा तर पेज टेबल.

ऑपरेटरचा फोन यायचा. "साहेब, मी काही हात नाही लावला. मेन स्विच पाडला, परत चढवला, झालं चालू."

हे वाक्य आम्ही दोन महिने कानाआड केलं. दोष शोधायची सुरुवात याच वाक्यापासून व्हायला हवी होती. वीज गेल्यावर जे पुसलं जातं आणि वॉचडॉगच्या रीसेटने जे पुसलं जात नाही, त्या दोन्हींमधल्या फरकातच हा दोष बसलेला असतो. तुमच्याकडेही 'प्लग काढून लावला की चालतं' अशी तक्रार वारंवार येत असेल, तर पॉवर सप्लाय बदलण्याआधी पुढचं वाचा.

आम्ही आधी काय काय केलं तेही सांगतो, कारण यातलं बरंचसं तुम्हीही करत असाल. पॉवर सप्लाय बदलला. ईएमएमसी (बोर्डावरची साठवणीची चिप) बदलली. जानेवारीत निफाडकडचा पारा दहाच्या खाली उतरतो, म्हणून गारठ्याने डीडीआरचं (मुख्य मेमरीचं) ट्रेनिंग, म्हणजे सुरुवातीचं वेळेचं जुळवणं, चुकत असेल अशी शंका घेतली आणि नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. मेमरी टेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक सापडली नाही. सापडणारच नव्हती, कारण टेस्ट लावताना आम्ही दर वेळी बोर्ड वीज देऊन सुरू करत होतो, म्हणजे दोष ज्या अवस्थेत राहतो ती अवस्था आधीच पुसून टाकत होतो. शेवटी कोणीतरी मेमरी कंट्रोलरच्या (मेमरीकडे येणाऱ्या रिक्वेस्ट सांभाळणाऱ्या चिपमधल्या भागाच्या) ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे तो सुरू होतानाच्या फंक्शनमध्ये, १०० मिलिसेकंदांचा उशीर घातला. तक्रार आठ दिवसांवरून पंधरा दिवसांवर गेली आणि आम्ही ती सुटली असं समजलो. उशीर वाढवून तक्रार विरळ होत असेल तर सावध व्हा. काहीतरी आपोआप संपण्याची वाट तुम्ही आंधळेपणाने बघताय, आणि ते काय आहे हे अजून तुम्हाला माहीत नाही.

आधी रीसेटचा तक्ता काढा

प्रत्येक चिपच्या मॅन्युअलमध्ये रीसेटच्या प्रकरणात एक तक्ता असतो. एका बाजूला रीसेटचे प्रकार (पॉवर-ऑन, वॉचडॉग, सॉफ्टवेअर, डिबगर), दुसऱ्या बाजूला चिपमधले ब्लॉक (सीपीयू, कॅमेरा, यूएसबी असे भाग), आणि कुठल्या रीसेटने कुठला ब्लॉक मूळ अवस्थेत येतो याच्या खुणा. तो तक्ता छापून टेबलावर ठेवा. आमच्या चिपमध्ये वॉचडॉगच्या रकान्यात सीपीयूसमोर खूण होती, सिरियल पोर्टसमोर होती, यूएसबीसमोर होती. कॅमेऱ्याच्या इंजिनसमोर जागा कोरी होती. मेमरी कंट्रोलरचे दोन भाग पाडलेले होते: डीडीआरला बोलणारा भाग आणि ब्लॉककडून येणाऱ्या रिक्वेस्ट रांगेत घेणारा भाग. त्या दोन्हींसमोरही कोरी जागा.

म्हणजे होत होतं ते असं. ॲप्लिकेशन अडकलं त्या क्षणी कॅमेरा डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता थेट) मेमरीत फ्रेम लिहीत होता. वॉचडॉगने सीपीयूला रीसेट केलं. कॅमेऱ्याला ते कळलंच नाही. बूटलोडर चिपच्या आतल्या एसरॅम या छोट्या मेमरीतून चालू झाला आणि त्याने डीडीआर पुन्हा पहिल्यापासून तयार करायला घेतला. त्याच वेळी रांगेत असलेल्या कॅमेऱ्याच्या रिक्वेस्टची उत्तरं यायची राहून गेली. पुढे लिनक्सचा मेमरी कंट्रोलर ड्रायव्हर आला आणि त्याने 'स्वच्छ सुरुवात' म्हणून कॅमेऱ्याचा रीसेट सरळ ओढला, म्हणजे त्या ब्लॉकला रीसेटमध्ये धरलं. अर्धवट व्यवहार असलेला ब्लॉक मधूनच नाहीसा झाला की बसवर (ब्लॉकना जोडणाऱ्या सामायिक वाटेवर) समोरचा पक्ष उत्तराची वाट बघत राहतो. सगळी बस थांबते. त्यानंतर सीपीयूने कुठलंही रजिस्टर वाचायला घेतलं की तोही थांबतो. लॉग नाही, पॅनिक नाही, काही नाही.

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीचा, म्हणजे भलत्या जागच्या पॅनिकचा, उलगडाही यातूनच झाला. कधी कधी कॅमेरा अडकायचा नाही, तो खुशाल लिहीत राहायचा. जुन्या कर्नलने दिलेल्या बफरच्या पत्त्यावर. नव्या कर्नलने मेमरीची ती पानं दुसऱ्याच कशाला तरी दिलेली असायची. केडंपची (कर्नल कोसळल्यावर दुसरा कर्नल चालवून मेमरीची प्रत घेणाऱ्या सोयीची) रचना करणाऱ्यांनी हा धोका ओळखूनच दुसऱ्या कर्नलसाठी मेमरीचा वेगळा तुकडा आधीपासून राखून ठेवलेला असतो, पहिल्या कर्नलने सुरू केलेला डीएमए तिथे पोचू नये म्हणून. वॉचडॉगच्या रीसेटनंतर तसं राखीव कुंपण आपल्याकडे नसतं.

पुरावा कसा मिळवला

अशा वेळी कर्नलचा लॉग फारसा उपयोगी पडत नाही, कारण अडकण्याआधीची शेवटची ओळ बाहेरच पडत नाही. रॅमऊप्स लावून बघितला. तो मेमरीचा एक भाग राखून त्यात लॉग ठेवतो आणि पुढच्या बूटला दाखवतो. आमच्याकडे तो रिकामा आला, कारण बूटलोडर डीडीआरची रीसेट पिन ओढत होता आणि त्यानंतर आतल्या मजकुराची हमी नसते. तुमचा बूटलोडर गरम बूटला (वीज न जाता होणाऱ्या बूटला) डीडीआर सेल्फ-रिफ्रेशमध्ये (मेमरी स्वतःच आपला मजकूर टिकवते त्या अवस्थेत) जपत असेल तर रॅमऊप्स जरूर वापरा.

उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. बूटलोडरमध्ये, डीडीआर तयार झाल्यावर लगेच, मेमरी कंट्रोलरची सगळी रजिस्टरं सिरियलवर छापली. रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टरही त्यातच घेतलं; ते बहुतेक चिपमध्ये असतं आणि बूटलोडर ते वाचून पुसून टाकतो, त्यामुळे सगळ्यात आधी वाचावं लागतं. मग एक यादी वीज देऊन, एक यादी मुद्दाम वॉचडॉग लावून, तोही कॅमेरा चालू असताना. दोन्ही याद्या शेजारी ठेवून ओळीओळीने जुळवल्या. शेकडो ओळींत फरक फक्त तीन. एक, रीसेटचं कारण, तो असणारच. दुसरा, कॅमेऱ्याचं क्लॉक चालू. तिसरा, कॅमेऱ्याच्या नावाने प्रलंबित रिक्वेस्टचा आकडा: थंड बूटला ०, गरम बूटला २. दहा सेकंद थांबून पुन्हा वाचला, २. मिनिटभराने वाचला, २.

त्या दोनकडे आम्ही सगळे बराच वेळ बघत बसलो होतो. दोन महिन्यांचा त्रास त्या एका आकड्यात होता.

ड्रायव्हरमधला क्रम

रीसेट ओढणं ही एका बिटाची गोष्ट वाटते, पण मेमरीच्या वाटेवर असलेल्या ब्लॉकसाठी तो एक छोटा विधी आहे आणि त्यातला क्रम मोडता येत नाही. आधी त्या ब्लॉकच्या नव्या रिक्वेस्ट थोपवायच्या. थोपवण्याचा बिट लिहिला की तेच रजिस्टर परत वाचायचं, कारण लिहिलेलं वाटेत बफरमध्ये पडून राहू शकतं आणि आपण पुढे निघून जातो. मग आधीच रांगेत असलेल्या रिक्वेस्ट संपण्याची वाट बघायची, आकडा शून्य होईपर्यंत, पण मर्यादेत. शून्य झाला तरच रीसेट ओढायचा. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, रीसेट सोडायचा, ब्लॉक तयार झाल्याची खूण तपासायची, आणि सगळ्यात शेवटी थोपवलेली वाट मोकळी करायची.

हे नीट लिहिलेलं बघायचं असेल तर लिनक्स कर्नलमधला एनव्हिडियाच्या टेग्रा चिपचा मेमरी कंट्रोलर ड्रायव्हर उघडा. तिथे मेमरी कंट्रोलर स्वतःच रीसेट कंट्रोलर म्हणून नोंदवला जातो, आणि कुठल्याही ब्लॉकचा हॉट रीसेट (बाकी चिप चालू असताना त्या एकाच ब्लॉकचा रीसेट) मागितला की आधी त्याचा डीएमए अडवला जातो, मग रांग रिकामी होण्याची वाट बघितली जाते. प्रत्येक फेरीत १० ते १०० मायक्रोसेकंद झोप, ५०० फेऱ्यांनंतरही रिकामी झाली नाही तर 'फ्लश झालं नाही' अशी नोंद करून 'बिझी' ही चूक परत. पुढचं पाऊल टाकलंच जात नाही. मला त्यातला हा नकार सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या विक्रेत्याच्या ड्रायव्हरमध्येही वाट बघण्याचा लूप होता, पण वेळ संपल्यावर तो फक्त एक इशारा छापून पुढे रीसेट ओढत होता. रांग रिकामी नसेल तर रीसेट ओढू नका. त्या क्षणी बोर्ड जिवंत आहे, सिरियल चालू आहे, चूक नोंदवता येते, कोणाला कळवता येतं. रीसेट ओढलात की हे सगळं हातचं जातं.

आमच्या बाबतीत दोन्ही प्रकार होते. कॅमेरा जिवंत असेल तर थोपवून वाट बघितल्यावर आकडा शून्यावर येतो. अडकलेल्या दोन रिक्वेस्ट मात्र कितीही थांबलं तरी उतरत नाहीत, त्यांचा धनी डीडीआरच्या पुनर्रचनेत हरवलेला असतो. म्हणून एकट्या ड्रायव्हरने हा दोष सुटत नाही. त्या उशिराने तक्रार विरळ का झाली होती तेही इथे कळतं: जिवंत रिक्वेस्ट १०० मिलिसेकंदांत आपल्याआप संपत होत्या, अडकलेल्या तशाच राहत होत्या.

बूटलोडर आणि बोर्ड

अडकलेल्या रिक्वेस्ट मुळात तयारच होऊ नयेत यासाठी बूटलोडरमध्ये, डीडीआरला हात लावण्याआधी, मेमरीच्या वाटेवरच्या प्रत्येक ब्लॉकच्या रिक्वेस्ट थोपवायच्या आणि रांग रिकामी करायची. त्या वेळी डीडीआर अजून जुन्याच मांडणीत जिवंत असतो, त्यामुळे राहिलेले व्यवहार पूर्ण होऊ शकतात. मगच डीडीआरची पुनर्रचना. हे काम एसरॅममधूनच करायचं, कारण ज्या मेमरीतून कोड चालतोय तिचाच कंट्रोलर त्या कोडने रीसेट करायचा नसतो. लिनक्स चालू असताना डीडीआरची गती बदलणारे ड्रायव्हरही याच कारणाने तो तुकडा एसरॅममध्ये नेऊन ठेवतात आणि डीडीआरला तेवढा वेळ सेल्फ-रिफ्रेशमध्ये घालतात. डीडीआर३ ला साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश लागतो, सगळ्या ओळी मिळून ६४ मिलिसेकंदांत. कंट्रोलर रीसेटमध्ये असताना तो देणारं कोणी नसतं.

तिथेच आणखी एक चूक सापडली. डीडीआर३ च्या मानकात पहिल्यांदा वीज आल्यावर रीसेट पिन किमान २०० मायक्रोसेकंद खाली धरायची असते आणि सोडल्यावर क्लॉक-एनेबल वर करण्याआधी ५०० मायक्रोसेकंद थांबायचं असतं. वीज स्थिर असतानाच्या रीसेटला पिन १०० नॅनोसेकंद खाली धरली तरी चालते. आमच्या बूटलोडरमध्ये गरम बूटची ती सवलत घेताना पुढचे ५०० मायक्रोसेकंदही कोणीतरी उडवले होते. यामुळे तक्रार येत होती असं मी म्हणणार नाही, पण दुरुस्त केलं.

खरा इलाज बोर्डावर आहे. वॉचडॉगचं बाहेर येणारं आउटपुट पॉवर मॅनेजमेंट चिपला जोडून सगळ्याच चिपची वीज घालवून आणायची. म्हणजे ऑपरेटर मेन स्विचने जे करत होता तेच, बोर्डाने स्वतः. आय-मेक्स ६ या चिपसाठी लिनक्समध्ये गरम रीसेटची सगळी कारणं मुद्दाम थंड रीसेटकडे वळवलेली आहेत, रीस्टार्ट भरवशाचा व्हावा म्हणून, आणि कोडमध्ये तसा शेरा लिहिलेला आहे. ज्यांनी हे आधी भोगलंय त्यांनी काढलेला हा निष्कर्ष आहे. आमच्या पुढच्या बोर्डात ती तार टाकली. शेतात आणि पॅकहाउसमध्ये बसलेल्या जुन्या बोर्डांना ती नाही, त्यांच्यासाठी ड्रायव्हर आणि बूटलोडर यांच्यावरच भिस्त.

वाटेत भेटलेले बाकीचे खड्डे

लिनक्समधला रीसेटचा ढाचा २०१३ च्या ३.१० आवृत्तीपासून आहे आणि चांगला आहे, पण त्याच्या काही गोष्टी गृहीत धरल्या की फसतात. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या यादीत) रीसेटची नोंद राहून गेली आणि ड्रायव्हरने तो 'ऐच्छिक' म्हणून मागितला असेल, तर हातात रिकामा पॉइंटर येतो. त्यावर रीसेट ओढा, सोडा, दोन्ही वेळा 'यशस्वी' असंच उत्तर येतं आणि प्रत्यक्षात काहीही घडलेलं नसतं. मेमरी कंट्रोलरसारख्या ठिकाणी रीसेट ऐच्छिक ठेवू नका. नोंद नसेल तर प्रोब अपयशी होऊ द्या.

रीसेटची स्थिती विचारणाऱ्या फंक्शनची तीन प्रकारची उत्तरं असतात: शून्य म्हणजे रीसेट सुटलेला, धन आकडा म्हणजे ओढलेला, ऋण आकडा म्हणजे सांगता येत नाही. आमच्या ड्रायव्हरमध्ये 'शून्य नसेल तर ओढलेला' अशी तपासणी होती. हार्डवेअरला स्थिती वाचताच येत नव्हती, ऋण उत्तर यायचं, आणि ड्रायव्हर ब्लॉक रीसेटमध्ये आहे असं समजून वाट न बघताच पुढे जायचा.

रीसेट सामायिक असेल तर 'ओढा' म्हटल्यावर तो ओढला जाईलच असं नाही. तिथे फक्त मोजणी होते आणि शेवटचा वापरणारा सोडून गेला तरच लाइन हलते. ब्लॉक खरोखर मूळ अवस्थेत यायलाच हवा असेल तर रीसेट एकट्याच्या मालकीचा मागा.

क्लॉकचा क्रम विसरू नका. पुष्कळ ब्लॉकना रीसेट आत पोचायला क्लॉक चालू असावं लागतं. क्लॉक बंद असताना ओढलेला रीसेट कागदावरच राहतो. आणि रीसेटमध्ये असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं तर काही चिप शून्य देतात, काही बस एरर देतात, काही कायमच्या थांबतात. म्हणून वीज, क्लॉक, रीसेट सोडणं, थांबणं, आणि मगच पहिलं वाचन.

इंटरप्टचंही (हार्डवेअरने सीपीयूला मारलेल्या हाकेचंही) तसंच. मेमरी कंट्रोलरची चूक दाखवणारी इंटरप्टची नोंद गरम रीसेटमधून जिवंत राहू शकते. ड्रायव्हरने आपली रचना पूर्ण होण्याआधी इंटरप्ट मागितला की हँडलर त्याच क्षणी चालतो, अर्धवट भरलेल्या स्ट्रक्चरवर. आधी इंटरप्ट मास्क करा (झाकून ठेवा), जुनी नोंद लॉगमध्ये लिहा, मग पुसा, आणि शेवटी इंटरप्ट मागा. न बघता पुसू नका; त्या नोंदीत मागच्या आयुष्यातल्या चुकीचा पत्ता असतो, आणि आमच्याकडे तो कॅमेऱ्याच्या बफरचा निघाला.

आणखी एक. आमचा बोर्ड दुसऱ्यांदा अडकल्यावर वॉचडॉग पुन्हा का लागत नव्हता? कारण बूटलोडर जाताना तो बंद करत होता आणि कर्नल वॉचडॉगच्या ड्रायव्हरपर्यंत पोचतच नव्हता. तो चालू ठेवूनच कर्नलला सोपवा, वेळ थोडी जास्त द्या.

दुरुस्ती झाली हे कशावरून

नेहमीच्या रीबूट कमांडने तपासू नका. त्या वाटेने कर्नल प्रत्येक ड्रायव्हरचं शटडाउन फंक्शन बोलावतो, कॅमेरा सभ्यपणे थांबतो, आणि दोष दिसतच नाही. वॉचडॉग कोणालाच विचारत नाही. आम्ही कॅमेरा पूर्ण वेगाने चालू ठेवून, यादृच्छिक वेळ थांबून, वॉचडॉगला खुराक देणं (त्याचा टायमर वेळोवेळी नव्याने सुरू करणं) बंद करणारी छोटी स्क्रिप्ट बूटला लावली आणि बोर्ड रात्रभर शेडमध्ये सोडला. सिरियल दुसऱ्या मशीनवर नोंदवत ठेवलं. जुन्या सॉफ्टवेअरवर बोर्ड पहाट होण्याआधी अडकून पडायचा. म्हणजे दोष हवा तेव्हा उभा करता येतो हे आधी पक्कं केलं, आणि मगच नवं सॉफ्टवेअर टाकलं.

दर बूटला तो प्रलंबित रिक्वेस्टचा आकडा छापायची ओळ आम्ही काढली नाही, विक्रीच्या आवृत्तीतही ती आहे. पिंपळगावच्या बोर्डाच्या नोंदी मी अजून बघतो. बूटलोडरने डीडीआरला हात लावण्याआधी वाचलेला आकडा मध्येच १, मध्येच ३ असा दिसतो, म्हणजे वॉचडॉग अजून लागतो आहे. ॲप्लिकेशन कॅमेऱ्याच्या फ्रेमची वाट बघत का अडकतं, कंप्रेसर सुरू होताना व्होल्टेज दबतं त्याचा याच्याशी संबंध आहे का, तो शोध वेगळा आणि तो आता सुरू आहे. त्याच्या पुढच्या ओळीत, रांग रिकामी केल्यावरचा आकडा, दर वेळी ०.